बुरुजाची डावी बाजू

समोरच्याचं काय चुकलंय ते सांगितल्याशिवाय चष्मेवाल्याला अन्न गोड लागत नसे. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत असतानाच त्याचं निदान तयार असायचं. पायरीवर पाय चाचपत टाकला, म्हणजे बायफोकल, आणि तोही नवा. पाटी वाचताना डोळे बारीक केले, म्हणजे लांबचं गेलेलं. बरं, मनात ठेवेल तर तो चष्मेवाला कसला. "बसा काका," तो म्हणायचा, "लांबचं दिसत नाही तुम्हाला, आणि दोन वर्षं झाली, घरी सांगितलेलं नाही." काका खजील होऊन बसायचे. मग तो त्यांच्या नाकावर ती जड, गोल चौकट चढवायचा, एकेक काच घालत-काढत विचारत राहायचा, आणि शेवटी काकांना भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ दिसली की असा खूश व्हायचा, जणू ती ओळ त्यानेच घरी बसून लिहिली होती.

त्या दुकानात त्याची एकतीस वर्षं गेली. पहिली अकरा जुन्या मालकांच्या हाताखाली, पुढची स्वतःची. पुढे चौकटींची काचकपाटं, मागे पडदा, पडद्याआड काच घासायचं चाक आणि नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या डकवलेले शंभरएक खण. मालक कमी बोलायचे, पण एक गोष्ट त्यांनी त्याच्याकडून घोटून घेतली होती. चाळिशीच्या पुढचं गिऱ्हाईक आलं की नुसता तक्ता वाचून घ्यायचा नाही. त्याला म्हणायचं, माझ्या नाकाकडे बघा, आणि दोन्ही बाजूंनी बोट हलवत आत आणायचं. बोट कधी दिसलं ते विचारायचं. एका बाजूला उशीर झाला, तर चष्मा विकायचा नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडायचं. "समोरचं दिसतं म्हणजे सगळं दिसतं असं नाही," मालक म्हणायचे. चष्मेवाल्याने हे इतकं मनावर घेतलं होतं की वाट विचारायला आलेल्या माणसापुढेही त्याचं बोट हलायला लागायचं.

हा झाला आठवड्यातल्या सहा दिवसांचा चष्मेवाला. सातव्या दिवशी, रविवारी, दुकानाचं शटर अर्धं खाली असायचं आणि आतून तीन पन्नाशी ओलांडलेली माणसं एकमेकांना शिव्या घालत असल्याचे आवाज यायचे.

एक तो स्वतः. दुसरा वायरमन, ज्याने गल्लीतल्या निम्म्या घरांना वीज दिली होती आणि उरलेल्या निम्म्यांना झटके. तिसरा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, शिडीवर उभा राहून एका हाताने हातभर उंचीचं अक्षर असं ओढायचा की खाली सायकली थांबायच्या. तिघांची गाठ पडली होती वयाच्या अकराव्या वर्षी, बसथांब्यामागच्या एका बोळात. तिथे नाणं टाकून खेळायची तीन मशीनं होती. मधलं मशीन 'बुरूज'चं. पडद्याच्या मधोमध एक बुरूज, बुरुजावर आपला तिरंदाज आणि दोन्ही बाजूंनी शिड्या लावून वर चढणारे शिपाई. डावीकडचा पाडेपर्यंत उजवीकडचा वर, उजवीकडचा पाडेपर्यंत डावीकडचा. तीन जीव. ते गेले की मागे उभा असलेला तुम्हाला खांद्याने बाजूला सारायचा.

मशीनं कधीच भंगारात गेली. पण तोच खेळ पुढे घरच्या टीव्हीवर खेळायच्या कॅसेटमध्ये आला, आणि अशी एक कॅसेट, तिचा डबा आणि फुगीर काचेचा एक टीव्ही वायरमनने कुठूनसा पैदा केला. तो टीव्ही खणांच्या कपाटावर बसवला. कॅसेटमध्ये फुंकर मारायची, डब्याला चापट मारायची, आणि दुपार सुरू व्हायची.

ह्या तिघांची एक रीत होती, जी दुसऱ्या कुणाला सांगितली असती तर वेड्यात काढलं असतं. ते नुसते गुण लिहीत नसत. कोण कसा मेला ते लिहीत. लाल कापडी बांधणीची एक लांबट वही होती, तिला वायरमनने नाव दिलं होतं मयतवही. तारीख, खेळणारा, गुण, आणि शेवटच्या रकान्यात मृत्यूचं कारण. कारण लिहायचा हक्क फक्त चष्मेवाल्याचा. त्यावर अपील नाही. 'वायरमन : शिंक.' 'वायरमन : उजवीकडचा शिपाई, शिवाय अतिआत्मविश्वास.' 'मी : बायकोचा फोन.' वीसेक वर्षांच्या अशा नोंदी त्याच्या बारीक, टोकदार अक्षरात भरल्या होत्या, आणि त्या वाचून तिघं हसून हसून मेटाकुटीला यायचे.

गंमत म्हणजे तिघांत खेळाडू खरा पेंटरच. चष्मेवाला हिशेबी खेळायचा, वायरमन देवाच्या भरवशावर. पेंटरचा हात मात्र असा, की पाहणाऱ्याने आपला डाव विसरावा. त्यामुळे तो हरायला लागला तेव्हा चष्मेवाल्याला आनंद झाला. हे कबूल करायला हवं. पुढे त्याने स्वतःशी ते पुष्कळदा कबूल केलं.

सुरुवातीला एखादाच डाव. पेंटर जोरात चाललेला असायचा, आणि डावीकडून एक साधा शिपाई, पहिल्या पातळीवरचा, आरामात शिडी चढून यायचा आणि त्याला ढकलून द्यायचा. पेंटर बघतच राहायचा.

"अरे, हा कुठून आला?"

"डावीकडून. शिडी लावून. तुला निमंत्रण देऊन यायला हवं होतं का?"

चष्मेवाला वहीत लिहायचा, 'पेंटर : डावीकडून.' पुढच्या रविवारी पुन्हा. मग त्याने लिहायचे कष्ट वाचवायला नुसतं 'डा.' लिहायला सुरुवात केली. मग त्यात नक्षीकाम आलं. 'पेंटर : डा. शिपाई चहा पिऊन निवांत आला.' 'पेंटर : डा. बुरुजाची डावी बाजू भाड्याने देणे आहे.' वायरमन टाळ्या द्यायचा. पेंटरही हसायचा, पण हसता हसता हाताने डावा गाल चोळायचा, तिथे काही चिकटलं असावं तसा.

एका रविवारी डाव संपल्यावर पेंटर म्हणाला, "ए, जरा माझे डोळे बघतोस का? परवा जिन्याची पायरी चुकली. आणि कामावर रंगाचा डबा दोनदा पायाने उडवला. मी ठेवलेला डबा मलाच दिसला नाही."

"वय झालं तुझं."

"बघ ना."

"बस," चष्मेवाला म्हणाला. त्याने तक्त्यावरचा दिवा लावला. पेंटरने उजव्या डोळ्याने शेवटची ओळ वाचली, डाव्या डोळ्याने मान जराशी फिरवून तीच ओळ वाचली, आणि शिवाय तक्त्याच्या तळाला छापखान्याचं जे नाव मुंगीएवढ्या अक्षरात होतं, तेही वाचून दाखवलं. वायरमन म्हणाला, "ह्याला दिसतंय ते मला दुर्बिणीतून दिसत नाही." आणि इकडे टीव्हीवर बुरुजाचं चित्र लुकलुकत थांबलेलं होतं, पुढची पाळी चष्मेवाल्याची होती, आणि त्या दिवशी त्याचा हात चांगला चालला होता.

"पंचविशीतल्या पोराचे डोळे आहेत," त्याने निकाल दिला. "डोळ्यांना काही झालेलं नाही. डोकं तपासून घे." आणि दिवा बंद करून तो खेळायला बसला. वहीत त्या तारखेला लिहिलं, 'पेंटरचे डोळे तपासले. ठणठणीत. आता ही सबब चालणार नाही.'

पेंटरने पुन्हा कधी सबब सांगितली नाही.

वर्षभराने पेंटरच्या मुलीने, जी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली होती, बापाला एकटं वाटू नये म्हणून नव्यातला खेळाचा डबा घेऊन दिला. तो टॉवेलात गुंडाळून पेंटर एका रविवारी घेऊन आला. वायरमनने सपाट टीव्ही जोडला. पडद्यावर एक दरी उघडली, दरीत नदी, नदीकाठी घोडा, आणि घोड्यावर तिरंदाज.

"बघ," पेंटर म्हणाला, "थांबलो की घोडा आपला आपण गवत खातो. त्याला कोणी सांगितलेलं नाही."

"मग तू कशाला हवास?" चष्मेवाला म्हणाला. "घोड्यालाच खेळू दे."

"आभाळ बघ रे. ह्या एका संध्याकाळसाठी मी सात डबे कालवले असते, तरी हा रंग आला नसता."

वायरमन पडद्याजवळ जाऊन बारकाईने बघत होता. "एवढं गाव दाखवलंय, पण एक वायर लोंबकळत नाही. खोटं आहे सगळं."

चष्मेवाल्याला हसू आवरत नव्हतं, पण त्याला मनापासून पटतही नव्हतं. त्याने हाताची घडी घातली. "जुन्या खेळात तीन जीव मिळायचे. गेले की गेले. उठायचं आणि दुसऱ्याला जागा द्यायची. इथे हा मेला, की दोन पावलं मागून पुन्हा सुरू. वर सुरुवातीलाच विचारतात, सोपं हवं की अवघड? अरे, हे काय हॉटेल आहे? मरण्याला काही मान राहू द्या."

"खरं सांगू?" पेंटर म्हणाला. "ते जुने खेळ आपल्याला लवकर मारायचे, कारण दुसरं नाणं हवं असायचं त्यांना. त्यात कसला आलाय मान. आपण अकरा वर्षांचे होतो, म्हणून आपल्याला ते शौर्य वाटलं."

"चाळीस वर्षं खेळलास, आणि आज हे सुचलं?"

"आज सुचलं. ह्या खेळात मला कोणी घाई करत नाही. मला आवडतं ते."

वायरमनने दोघांचीही री ओढली, नेहमीसारखी. जुन्यात मजा होती, नव्यात डोळ्यांना सुख आहे, आणि चहा कोण करणार आहे, असा त्याचा एकंदर अभिप्राय होता. मग दोघा जणांनी खेळायचा भाग लावला. पडदा दोघांत अर्धा-अर्धा, धनुष्यं दोन, आणि चहूबाजूंनी लुटारू. त्यात पेंटरने चष्मेवाल्याला हरवलं. मग पुन्हा हरवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या तोंडावर जुना, बोळातला पेंटर परत आला होता.

"लिही," तो म्हणाला.

चष्मेवाल्याने पेन उघडलं, आणि तेवढ्यात त्याच्या नजरेने ते टिपलं. कुठल्याही बाजूने हल्ला येण्याआधी पेंटरच्या पडद्याच्या मधोमध एक जाड लाल कंस उमटत होता. डावीकडून कोणी आलं तर कंस डावीकडे, मागून आलं तर खाली. शिवाय प्रत्येक बाजूचा वेगळा आवाज.

"हे काय आहे?"

"तशी सोय असते ह्यात. मी मोठी करून घेतली."

"म्हणजे लुटारू येतोय हे तुला आधी सांगितलं जातं." चष्मेवाल्याने पेनाला टोपण लावलं. "हे वहीत जाणार नाही. ही कुबडी आहे. कुबडी काढ आणि खेळ, मग लिहितो."

"असू दे की," वायरमन म्हणाला.

"का असू दे? वही आहे की गंमत? काढ."

 पेंटरने खेळातल्या सोयींच्या यादीत जाऊन कंस बंद केला, आवाज बंद केला आणि खेळायला बसला. पहिला लुटारू डावीकडून आला. पेंटर समोर बघत होता. दुसऱ्या वेळीही डावीकडून. तिसऱ्या वेळी तर तो लुटारू येऊन घोड्याशेजारी उभाच राहिला होता, खोलीतल्या दोघांना धडधडीत दिसत होता, आणि पेंटर उजवीकडे बाण रोखून बसला होता. चष्मेवाला इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. वहीत त्याने लिहिलं, 'पेंटर : कुबडी काढली. डा., डा., डा.'

पेंटरने वायर गुंडाळली. डबा टॉवेलात ठेवला, टॉवेलाची चारी टोकं नीट आत दुमडली. शटरखालून वाकून बाहेर पडताना त्याचा डावा खांदा चौकटीला आपटला. "येतो," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर तो रविवारी आला नाही.

चष्मेवाल्याला वाटलं, येईल. दोन रविवार गेले, चार गेले. वायरमन निरोप पोचवायचा, पण दोन्हीकडचे निरोप इतके थातूरमातूर होते की पोचवण्याजोगं त्यात काही नव्हतं. चष्मेवाल्याची बायको म्हणाली, "जाऊन या एकदा. तुमचे शब्द लागतात माणसाला, तुम्हाला कळत नाही." तो म्हणाला, खेळात हरला म्हणून रुसणाऱ्याची समजूत काढायला मी जाणार नाही. सात महिने त्याने हा हेका धरला. त्या सात महिन्यांत तो पेंटरच्या गल्लीवरून किमान वीस वेळा गेला असेल, आणि प्रत्येक वेळी त्याने पावलं जरा भरभर उचलली.

मग एका कामाच्या दिवशी, भर सकाळी, वायरमन दुकानात आला. एक बाई गोल चौकट लावून तक्ता वाचत होत्या. वायरमन त्यांचं संपेपर्यंत थांबला, हेच मुळात नवल होतं.

"पेंटर शिडीवरून पडला," तो म्हणाला. "हात मोडलाय, पण ते काही नाही. डावीकडच्या शिडीवर पाय ठेवायला गेला, आणि पाय ठेवला तिथे शिडीच नव्हती. हॉस्पिटलात डोळे बघितले. काचबिंदू आहे. डावा डोळा बाजूने जवळजवळ गेलाय, उजवाही खाल्लाय आतून. जे गेलं ते परत येत नाही म्हणे."

चष्मेवाल्याला तो शब्द समजावून सांगायची गरज नव्हती. काचबिंदू दुखत नाही. नंबर बदलत नाही. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो, छापखान्याच्या नावासकट. तो कडेकडेने आत सरकतो, आणि ज्याचा डोळा जातो त्याला अंधारसुद्धा दिसत नाही, फक्त वस्तू अचानक समोर येऊन उभ्या राहतात. वेळेवर कळलं तर रोजच्या थेंबांनी जागच्या जागी थांबतो. गेल्या एकतीस वर्षांत चष्मेवाल्याने निदान चाळीस अनोळखी माणसांना नुसतं बोट हलवून डॉक्टरांकडे पाठवलं होतं. त्यातले काही अजून पेढ्यांचा पुडा घेऊन यायचे.

त्याने बाईंना उद्या या म्हणून सांगितलं, शटर खाली ओढलं, मागच्या खोलीत जाऊन वही काढली आणि चाकाशेजारच्या स्टुलावर बसून वाचायला घेतली.

त्या वहीत सगळं होतं. तारीखवार होतं. पहिला 'डावीकडून' कधी, मग महिन्यातून एक, मग दर रविवारी एक, मग एका दुपारी चार. सुरुवातीला फक्त वरच्या शिडीवरचा शिपाई सुटत होता, तेही त्याने लिहिलं होतं, 'वरचा डावा, पेंटरचा खास पाहुणा.' पुढे खालचाही सुटायला लागला होता. माणसाची नजर महिन्यामागून महिना कशी आत आत जात गेली ह्याची इतकी नेटकी नोंद कुठल्या डॉक्टरकडेही नसेल. त्याने ती स्वतःच्या हाताने ठेवली होती आणि प्रत्येक ओळीला तो हसला होता.  त्याला रडू आलं.

आणि डोळे तपासल्याची ती नोंद. ती किती वेळा वाचली, त्याला आठवत नाही. त्या दिवशी त्याने बोट हलवलं नव्हतं. रस्त्यावरून आलेल्या प्रत्येकासाठी हललेलं बोट, पेंटरसाठी राहून गेलं होतं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो वही घेऊन पेंटरच्या घरी गेला. वहिनींनी दार उघडलं. सात महिन्यांत त्या वाळल्या होत्या. "या भावजी," त्या म्हणाल्या, आणि उशीर का केलात हे विचारलं नाही.

पेंटर खिडकीपाशी बसला होता, उजवा हात प्लास्टरमध्ये. चष्मेवाला चुकून त्याच्या डाव्या बाजूने गेला, आणि खांद्याला हात लावला तेव्हा पेंटर दचकला.

"इकडून ये," पेंटर म्हणाला. "समोर बस. आता दिसलास. केस पिकले की रे तुझे."

"माझं लक्षच नव्हतं," चष्मेवाला म्हणाला. कशाकडे, ते त्याला सांगता येईना.

पेंटरच त्याला सांभाळून घ्यायला लागला, हे आणखी कठीण होतं. "हॉस्पिटलात एक मशीन आहे. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि बाजूला कुठे उजेड चमकला की बटण दाबायचं. मी म्हटलं, डॉक्टर, हा तर आमचाच खेळ. चाळीस वर्षांचा सराव आहे." तो हसला. "आयुष्यातला सगळ्यात वाईट डाव झाला. मी आपला वाट बघत बसलो, आणि मशीनवरची बाई म्हणते, संपलं."

"आता पुढे?"

"थेंब घालायचे. आहे ते टिकवायचं. शिडी बंद." तो आपल्या प्लास्टरकडे बघत बोलत होता. "डॉक्टर विचारत होते, कधीपासून आहे? मी काय सांगणार. मला कळलंच नाही कधी."

"मला माहीत आहे," चष्मेवाला म्हणाला, आणि वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली.

पेंटर वाचायला लागला. तारखा पानाच्या डाव्या कडेला होत्या. त्या शोधायला त्याला प्रत्येक ओळीला मान वळवावी लागत होती. तो डाव्या हाताचं बोट टेकवत, सावकाश, पानामागून पान उलटत गेला. एकदोन ठिकाणी त्याला हसू आलं, कारण नोंदी खरोखरच मजेदार होत्या. मग तपासणीची नोंद आली. तिथे बोट थांबलं. तो मागे गेला, आणि मोजायला लागला.

"ह्याच्या आधीचे अकरा 'डा.' आहेत," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे तू तपासलंस तेव्हा होतंच."

"होतं. बाजूने बोट हलवून बघायचं असतं. दहा सेकंद लागतात. मी सगळ्यांचं बघतो. तुझं बघितलं नाही."

"का?"

चष्मेवाल्याने वाटेत पुष्कळ उत्तरं तयार केली होती. रविवार होता, तू हसत होतास, अक्षरं स्पष्ट वाचलीस. त्यातलं एकही तोंडातून निघेना. "पुढची पाळी माझी होती," तो म्हणाला.

 आत भांड्यांचा आवाज येत होता.

"मी हिला सांगत आलो," पेंटर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो नुसतं काय घडलं ते सांगत होता. "जिन्यावरून घसरलो, तेव्हा ही म्हणाली डॉक्टरकडे जाऊ. दाराला कपाळ आपटलं, तेव्हाही म्हणाली. तीन-चार वेळा म्हणाली. मी दर वेळी सांगितलं, त्याने तपासलंय. डोळ्यांतलं त्याच्याहून कोणाला जास्त कळतंय."

चष्मेवाल्याला वाटलं, ह्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहिनी चहाचे कप घेऊन आल्या. वही उघडी बघून त्यांनी विचारलं, "कळलं का काही? कधीपासूनचं आहे?"

चष्मेवाल्याने तोंड उघडलं. त्याच्या आधी पेंटर बोलला.

"मागच्या वर्षीपासूनचं," पेंटर म्हणाला. "ह्याने तपासलं तेव्हा काही नव्हतं. नंतरच आलंय. सगळं लिहिलेलं आहे ह्याने." आणि त्याने वही मिटली.

वहिनींनी कप खाली ठेवले आणि पदराने तोंड पुसलं. "बरं झालं भावजी, तुम्ही लिहून ठेवलंत. मी रोज झुरत होते, की तेव्हाच ओढून न्यायला हवं होतं का. ह्यांनी ऐकलं असतं का, कोण जाणे, पण मी हट्ट करायला हवा होता, असं वाटायचं. आणि माझी बहीण म्हणत होती, घरातला मित्र चष्मेवाला, आणि त्याला कळू नये? मी तिला म्हटलं, भावजींच्या नजरेतून सुटायचं नाही. असतं, तर त्यांनी सांगितलं असतं."

चष्मेवाल्याने पेंटरकडे बघितलं. पेंटर कप शोधत होता. तो डाव्या बाजूला होता. चष्मेवाल्याने कप उचलून त्याच्या हातात दिला.

निघताना पेंटर दारापर्यंत आला. जिन्यात चष्मेवाला थांबला आणि हळूच म्हणाला, "मी सांगतो वहिनींना. आत्ता सांगतो. त्या स्वतःला दोष देत बसल्यात, आणि दोष माझा आहे."

"आता नाही देणार ती स्वतःला. नंतर आलं म्हटल्यावर सुटली बिचारी."

"पण खोटं आहे ते."

"आहे," पेंटर म्हणाला. "पण तू खरं सांगितलंस ना, तर ती तुला परत घरात घ्यायची नाही. मी ओळखतो तिला. आणि मग मी रविवारी कोणाशी बोलू? वायरमनशी?"

त्याने दार लावून घेतलं नाही. चष्मेवाला वळणापर्यंत उतरेपर्यंत तो तिथेच उभा होता, नजर जिन्याच्या मधोमध लावून.

आता चष्मेवाला दर रविवारी त्याच्याकडे जातो. वायरमनही येतो. नवा डबा लावतात. लाल कंस सगळ्यात मोठा ठेवतात आणि पेंटर दोघांनाही हरवतो. जुनं चांगलं की नवं, हा वाद वायरमन अजून उकरून काढतो, पण चष्मेवाला त्यात पडत नाही. गुण कोणी लिहीत नाही. वहिनी दार उघडतात, "या भावजी" म्हणतात, पहिला कप त्याच्या हातात देतात, आणि बहिणीचा फोन आला की आतून अभिमानाने सांगतात, आलेत ना, ह्यांचे ते मित्र, अगदी रविवार चुकवत नाहीत. चष्मेवाला मान खाली घालून चहा पितो. खरं सांगायचं झालं, तर ते त्याच दिवशी जिना परत चढून सांगायला हवं होतं, आणि आता प्रत्येक रविवारी ते सांगणं आणखी एका रविवाराने अवघड होत चाललं आहे.